समोर उघडलं का?

२ नोव्हेंबर, रविवार

पाठवली एकदाची. चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली आणि वर लिहिलं, "आपल्या पॅसेजसाठी साइट बनवलीय. नाव 'समोर'. अजून कच्ची आहे. वापरून बघा आणि काय चुकतंय ते बिनधास्त सांगा." फोन उलटा ठेवून भांडी घासायला गेले. भांडी संपली तरी फोन उलटाच.

दुपारपर्यंतचे अभिप्राय: बरेच हात जोडलेले, एक गुलाब, एक 'नाइस'. साळव्यांच्या सुनेने विचारलं, "समोसा? ऑर्डर कशी करायची?" तिच्या फोनने शब्द परस्पर बदलला असणार. आणि कोणीतरी लिहिलंच: "ग्रुप आहे ना? मग साइट कशाला?"

कशाला ते एका ओळीत सांगता येत नाही, हीच अडचण आहे. नायगावची चाळ पाडली. नवीन टॉवर होईल तेव्हा होईल, तोवर सगळे भाड्याने कळवा, विरार, जिथे मिळेल तिथे. आम्ही दोघी लालबागला, सातव्या मजल्यावर. साइट उघडली की आमचा तिसरा मजला दिसतो, होता तसा: मध्ये पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, प्रत्येकाचं दार. आपलं दार आपण उघडायचं, लोटायचं नाहीतर बंद करायचं. उघडं दिसलं तर कोणीही त्या दाराला बोट लावून हाक मारावी, म्हणजे त्याला सरळ फोन लागतो. बस्स. फोटो नाहीत, लाइक नाहीत.

संध्याकाळी आई: "समोर उघडलं का?"

समोर म्हणजे परब काकू. आईने तिचं नाव कधी घेतलं नाही. समोर भाजी देऊन ये. समोर पाहुणे आलेत. आमच्या दारासमोर तिचं दार, माझ्या जन्माआधीपासून.

"नाही गं, अजून नाही."

"बरं."

३ नोव्हेंबर, सोमवार

डोळे उघडायच्या आत फोन. कांबळे अण्णा. पॅसेजच्या टोकाच्या खोलीत राहायचे, आता कळव्याला मुलीकडे. आवाज घाबरलेला.

"सुजाता, कोण गेलं?"

"कुठे गेलं?"

"अगं, सगळ्यांची दारं बंद आहेत. एका लायनीत. मी रात्रभर विचार करतोय. कुणी सांगितलं पण नाही मला."

मी आधी हसले, मग हसू गेलं. नवीन कोणी आलं की त्याचं दार आपोआप 'बंद' दिसतं, तसंच ठेवलं होतं मी. ज्याने अजून काही केलेलं नाही त्याचं दार बंद, यात चूक ती काय? पण आमच्या पॅसेजमध्ये दिवसाढवळ्या दार बंद म्हणजे तीनच गोष्टी. कोणी गेलं, भांडण झालं, नाहीतर पोराची बारावी.

बाथरूमला लागलेल्या रांगेत उभं राहून ज्या पोरीने हे सगळं पाहिलं, तिला हे कळू नये? दुपारी ऑफिसात डबा खाता खाता बदललं. आता नवीन दार 'लोटलेलं' असेल. अण्णांना कळवलं. म्हणाले, "हां. लोटलेलं ठीक आहे. लोटलेलं म्हणजे माणूस आत आहे."

६ नोव्हेंबर, गुरुवार

ऑफिसातल्या निखिलला दाखवली. तो साइटी डिझाइन करतो, मी त्या तपासते. दुसऱ्यांच्या साइटीतल्या चुका काढणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. आज खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला बसून बघितलं, कसं वाटतं ते.

तो बराच वेळ स्क्रोल करत राहिला. मग म्हणाला, "मॅम, क्यूट आहे. पण म्हणजे हे काय आहे? ऑनलाइन-ऑफलाइन स्टेटसच ना? फक्त दाराचं चित्र लावलंय."

हो. तेवढंच आहे. त्याचं काही चुकलं नाही, म्हणूनच जास्त लागलं.

पुढे म्हणाला, "युजर कोण?"

आई, असं तोंडावर आलं होतं. "चाळीतले लोक," म्हटलं.

खरं कारण इथेच लिहून ठेवते, दुसरीकडे कुठे लिहिणार? परब काकूला जवळजवळ ऐकू येत नाही. पॅसेजमध्ये ते कधी आड आलं नाही, दोघी आपापल्या उंबऱ्यात बसून तोंडं बघून बोलायच्या. फोनवर तिला नुसता घरघर आवाज येतो. आईला टाइप करता येत नाही. काकूला चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि चष्मा जागेवर कधी नसतो. व्हिडिओ कॉल करून झाला. आधी पंखा दिसला, मग काकूचं कपाळ, मग कट. काकू नालासोपाऱ्याला चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आईचे गुडघे आमच्याच सोसायटीच्या तीन पायऱ्यांना रडतात.

म्हणून म्हटलं, बोलणं नाही तर नाही. दार तरी दिसू दे.

९ नोव्हेंबर, रविवार

आजचा अभिप्राय, अण्णांकडून, फोनवर, ओरडून: "आमच्या समोरचे आमच्या खाली कसे गेले?"

मला कळेना. व्हॉट्सॲपवर फोटो मागवला. मुलीच्या मदतीने पाठवला तेव्हा कळलं. लॅपटॉपवर दोन रांगा समोरासमोर दिसतात. फोनचा पडदा अरुंद. तिथे सगळी दारं एकाखाली एक आली आहेत. पॅसेजच गायब. सगळी चाळ एका लायनीत उभी, रेशनला उभी राहिल्यासारखी.

साइटचं नाव 'समोर' आणि फोनवर कोणाच्याच समोर कोणी नाही. आणि फोनशिवाय दुसरं काही चाळीत कोणाकडे नाही! मी ती फोनवर उघडूनसुद्धा बघितली नव्हती. ऑफिसात दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी लाल रंगात लिहिलं असतं.

आई म्हणाली, "मग आमच्या समोर काय येतंय?"

"काही नाही. खाली साळवी येतात."

"इथे लिफ्ट, तिथे साळवी."

इथे आमच्या दारासमोर लिफ्टचं दार आहे, त्यावरून.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दोन रांगा फोनवर आणल्या. दारं एवढुशी झाली, काडेपेटीएवढी. लगेच ग्रुपवर: "नाव वाचता येत नाही." "बोट एकावर ठेवलं की दुसऱ्याचं उघडतं." साळवीण बाईंनी चुकून दुसऱ्याच कोणाला तरी हाक मारून उठवलं, तो नाइट ड्यूटी करून झोपला होता. त्याने ग्रुपवर जे लिहिलं ते काढायला लावलं.

मोठी दारं केली तर समोर राहत नाही. समोर ठेवलं तर दारं दिसत नाहीत. फोन तेवढाच आहे, मी काय करू?

दारांवरची नावं काढली. आपल्या समोरच्याला नाव लागतं कशाला?

१९ नोव्हेंबर, बुधवार

काही जण येतात, दार उघडतात, खूश होतात, जातात. परत येत नाहीत. दारं मात्र उघडीच.

आज रेश्माचा मेसेज. आमच्यापासून तिसरी खोली, लहानपणी एका ताटात जेवायचो. जसाच्या तसा उतरवते: "सुजा, तुझ्या साइटवर दारं उघडी दिसली म्हणून हाक मारली. तिघांना. कोणीच ओ दिली नाही. आपल्या चाळीत असं कधी झालं का गं? त्यापेक्षा बंद असती तर वाईट नसतं वाटलं. रागावू नको."

रागावले नाही. एवढ्या दिवसांतला पहिला अभिप्राय, ज्याच्यात काहीतरी आहे. वाचून जेवण गेलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

रेश्माचं ऐकलं. आता दाराला बराच वेळ कोणाचा हात लागला नाही तर ते आपोआप बंद होतं. उघडं असेल तर माणूस आत आहे, खोटं नाही.

बरोबर चालतंय. तपासलं. अंधार पडेपर्यंत अख्खा पॅसेज बंद झाला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. फक्त अण्णांचं उघडं. ते एकटेच फोन हातात घेऊन बसलेले असणार.

मी केलेली सगळ्यात खरी गोष्ट आणि बघवत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

परबांचं दार अजून आलेलंच नाही. महेशला, म्हणजे काकूच्या मुलाला, दर आठवड्याला फोन करते. "करतो ताई." त्याला तरी काय बोलणार? नालासोपाऱ्याहून फोर्टला नोकरी, घरी पोहोचतो तेव्हा जेवायचीही ताकद नसते. पण "करतो ताई" ऐकलं की हल्ली माझा जबडा दुखतो.

आई रोज विचारते. मी रोज नाही म्हणते. ती बरं म्हणते. तिने खोदून विचारलं असतं, चिडली असती तर परवडलं असतं.

इथे सकाळी ती दार उघडून उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसते. लिफ्ट उघडते, कोणीतरी बाहेर येतं, आत बघतं आणि नजर वळवून जातं. काल सेक्रेटरी येऊन गेले. "मावशी, दार बंद ठेवत जा, सेफ्टीसाठी. लोकांना ऑकवर्ड होतं." आईने त्यांना चहा विचारला. ते घाबरून गेले.

६ डिसेंबर, शनिवार

पहाटेपासून दादरला. आमच्या चाळीचा पाण्याचा स्टॉल दरवर्षीप्रमाणे. चाळ नाही, पण बॅनरवर चाळीचं नाव तसंच. पाय दुखतायत, घसा बसलाय, बरं वाटतंय.

सगळे भेटले. साइटचं नावही कोणी काढलं नाही. सगळेच समोर उभे होते, काढतील कशाला? रेश्माने मिठी मारली. अण्णा मुलीला घेऊन आले, काठी टेकत.

आणि महेश. तो लहानपणापासून या दिवशी आमच्या पोरांबरोबर पाणी वाटायला असतो, यंदाही रात्रीच आला होता. मी त्याला सोडलाच नाही. स्टॉलच्या मागे खोक्यावर बसवून त्याच्या जुन्या फोनवर साइट लावली. ठरलं असं: हा फोन काकूच्या खिडकीत, चार्जरला लावलेला. फोनवर दुसरं काही नाही, फक्त पॅसेज. काकूने एवढंच करायचं, सकाळी आपल्या दाराला बोट लावायचं.

"जमेल रे तिला?"

"ताई, तिला काय जमत नाही? नुसतं ऐकायला येत नाही."

७ डिसेंबर, रविवार

उघडलं!

आई आंघोळ करून आली आणि मी तिच्यासाठी आणलेल्या टॅबवर समोरचं दार उघडं. मी नुसता टॅब तिच्याकडे वळवला. ती बघत राहिली. मग पदर नीट केला. खरंच पदर नीट केला. मग आमच्या दाराला बोट लावलं.

दुपारी समोरचं दार 'लोटलेलं' झालं. आई म्हणाली, "जेवली ती. आता आडवी होणार. चहाला उठेल."

चहाच्या वेळेला उघडलं. मला स्वयंपाकघरात जाऊन तोंड धुवावं लागलं.

आई टॅबशी बोलते. पलीकडे काही जात नाही हे तिला माहीत आहे. "तशीही तिला कुठे ऐकू येत होतं?" म्हणाली आणि हसली. या घरात आल्यापासून पहिल्यांदा.

९ डिसेंबर, मंगळवार

सकाळी उघडं, दुपारी लोटलेलं, चहाला उघडं. आईचं जेवण वाढलंय. निखिलला सांगितलं, दोन युजर झाले. तो म्हणाला, "मॅम, स्केल कसं करणार?" त्याला म्हटलं, करणार नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

ऑफिसातून आले तर आई खुर्चीत, टॅब मांडीवर पालथा.

"समोरचं बंद केलं तिने. भरदिवसा."

"अगं, हात लागला नसेल. आपोआप बंद होतं ते. मीच केलंय तसं."

"मी काय बोलले का तिला?"

"काही नाही बोललीस. ते आपोआप..."

"मग बंद का केलं?"

कितीदा सांगितलं. तिला कळलं पण पटलं नाही. दार म्हणजे दार. आपोआप कसं बंद होईल, आत माणूस असताना? जेवली नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आजही बंद. महेशला फोन, उचलला नाही. काकू बोट लावायला विसरत असणार, या वयात रोज कोण लक्षात ठेवतं?

ऑफिसला जाण्याआधी साइटच्या कोडमध्ये एक ओळ घातली. सगळी दारं आपोआप बंद होतील, एक सोडून. परबांचं उघडंच राहील. कायम.

दुसऱ्या कोणी अशी ओळ घातली असती तर मी त्याला उभा आडवा घेतला असता. आई नाश्ता करायला बसली.

२१ डिसेंबर, रविवार

आई शांत आहे. समोर दा.उ. असं आता मी मनातल्या मनात रोज नोंदवते. दार उघडं. दा.उ., दा.उ., दा.उ.

अण्णांचा फोन. "पोरी, परबांचं दार रात्री पण सताड उघडं असतं. म्हातारीला सांग कडी लाव म्हणून. जमाना खराब आहे."

सांगते म्हटलं.

बाकी साइट मेलेली आहे. रेश्मा येत नाही. साळवी येत नाहीत. ग्रुपवर कोणीतरी नवीन टॉवरचा फोटो टाकला, त्यावर सगळे तुटून पडले. तिथे म्हणे चिठ्ठ्या टाकून घरं मिळणार, कोण कोणाच्या शेजारी येईल काही सांगता येत नाही. मी विचारलं, "मग पॅसेज?" कोणीतरी उत्तर दिलं, "लॉबी म्हणतात आता त्याला." पुढे हसरा चेहरा.

४ जानेवारी, रविवार

महेशचा फोन. त्याने आपणहून केला, नवीन वर्षाच्या शुभेच्छा द्यायला.

म्हटलं, काकूला सांग दुपारी दार लोटत जा पहिल्यासारखं, आता सारखं उघडंच ठेवते.

"कुठलं दार, ताई?"

"साइटवरचं."

"तो फोन तर पडला ना खिडकीतून. तेव्हाच. स्क्रीन गेली. मला वाटलं तुम्हाला समजलं असेल, तुमच्याकडे बंद दिसत असेल."

दिसलं होतं. दोन दिवस बरोबर दिसलं होतं. साइटने खरं तेच सांगितलं आणि मी तिचं तोंड बंद केलं.

काकू कशी आहे विचारलं. म्हणाला, "ताई, फोन काळा झाला तर तिला वाटलं तुमचं दार लागलं. मला विचारते, 'समोर कोण गेला काय रे?' मी सांगतो, कोणी नाही गेलं, मावशी मस्त आहे. तिला पटत नाही. म्हणते, 'माझ्यापासून लपवतंस तू.' रडते कधी कधी."

"नवीन फोन लाव ना रे."

"करतो ताई."

माझी जिवंत आई इथे शेंगदाणे सोलत बसली होती. तिकडे तिच्यासाठी कोणीतरी रडतंय.

आईला सांगितलं नाही.

१० जानेवारी, शनिवार

आज आईनेच काढलं. दुपारी, जेवून उठल्यावर.

"सुजे, ते समोरचं खरं नाही ना?"

मी ताटं उचलायला लागले.

"ती दुपारी दार उघडं टाकून झोपणारी बाई नाही. आधी लोटायची. मग लोटायची बंद झाली. मला काय कळत नाही?"

"कधीपासून कळलंय?"

"झाले दिवस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू एवढं केलंस."

मग सगळं सांगितलं. पडलेला फोन, मी घातलेली ओळ, आणि काकूला काय वाटतंय तेही. आई ऐकत होती. शेवटचं ऐकून तिने तोंडावर हात ठेवला. मला वाटलं चिडेल, चिडावी असं फार वाटत होतं.

"तिला वाटतं मी गेले?"

"हो."

"आणि मी इथे रोज तिच्याशी गप्पा मारतेय."

मग म्हणाली, "ते खरं कर आधी. बंद असेल तर बंद दिसू दे."

११ जानेवारी, रविवार

ओळ काढली. आई शेजारी बसून होती. समोरचं दार बंद झालं. काही आवाज वगैरे नाही, साइटला आवाजच ठेवलेला नाही मी.

पुढच्या रविवारी मी नालासोपाऱ्याला जाणार. ऑफिसातला जुना फोन विकत घेतलाय, चांगला आहे. त्याला जाड कव्हर लावलं. जाऊन काकूसमोर उभी राहणार, आईचा आजचा फोटो दाखवणार, खिडकीत फोन बांधून येणार. दोरीने. महेशला मेसेज टाकला. निळ्या खुणा झाल्या, उत्तर नाही.

आईचा फोटो काढला. म्हणाली, "हातात आजचा पेपर धरू का?" दोघी हसलो. मग तिने खरंच धरला.

१८ जानेवारी, रविवार

गेले.

चौथा मजला. कुलूप.

बेल वाजवली, दार वाजवलं, कुलूप दिसत असूनही. महेशचा फोन लागत नाही. शेवटी समोरचं दार वाजवलं. साखळी लावून एका बाईने फटीतून बघितलं.

"समोर परब राहतात ना?"

"माहीत नाही."

"म्हातारी बाई आहे, ऐकू कमी येतं..."

"आम्ही कोणाचं बघत नाही. खाली वॉचमनला विचारा."

दार लागलं. फटीतून दिसणारा उजेड पण गेला. दारासमोर दार, हातभर अंतर, आमच्या पॅसेजपेक्षाही कमी. मी दोन बंद दारांच्या मध्ये उभी होते आणि मला एवढा राग आला की फोन भिंतीवर आपटावासा वाटला. जाड कव्हर लावलेलं होतं. फुटला नसता.

वॉचमन म्हणाला, पाठीमागच्या आठवड्यात सामान घेऊन गेले सगळे. गावी. म्हातारीची तब्येत म्हणून की जत्रा म्हणून, त्याला नक्की माहीत नाही. कधी येणार, नाही माहीत. मालवणच्या आतलं गाव आहे, तिथे रेंज नसते हे मला माहीत आहे. काकू सांगायची, फोन करायचा तर टेकडीवर चढावं लागतं.

येताना दादरला उतरून चालत आले. हिंदमाताला साड्यांच्या दुकानांपुढे नेहमीची गर्दी, प्रत्येक दुकानाच्या दारात माणूस उभा, "या ताई, आत या." लाज वाटली, पण डोळे भरून आले.

आई दारातच खुर्ची टाकून बसलेली. लिफ्टमधून मी बाहेर आले तर ती एकदम समोर.

"उघडलं का?"

"नाही गं. कुलूप आहे. गावी गेलीय."

"तब्येत?"

"माहीत नाही."

या वेळी ती बरं म्हणाली नाही.

२० जानेवारी, मंगळवार

महेशला रोज मेसेज टाकते. एकच खूण होते.

ग्रुपवर लिहिलं, साइट बंद करायचा विचार आहे, कोणाची हरकत असेल तर सांगा. कोणाची नाही. अण्णांचा फोन आला, पण तो दुसऱ्याच कामासाठी होता. शेवटी म्हणाले, "परबांनी कडी लावली बघ. बरं झालं."

आईला सांगितलं, बंद करते साइट. काय उपयोग?

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तिला गावी रेंज आली तर? महेशच्या फोनवर बघेल ना ती?"

"बघेल कदाचित."

"मग आपलं काय दिसेल तिला?"

"आपण उघडलं तर उघडं. हात नाही लावला तर बंद."

तिने हात पुसले, टॅब ओढला आणि दाराला बोट लावलं. दुपारी लोटलं आणि आडवी झाली. चहाला उठली, परत उघडलं. बंद होऊ नये म्हणून मधूनमधून हात लावत राहिली, जपमाळेला लावावा तसा. इकडचं खरं दारही उघडंच होतं, लिफ्टसमोर. सेक्रेटरी येऊन काही न बोलता गेले.

आज अख्ख्या साइटवर एकच दार उघडं आहे. आमचं. तपासलं, खरं आहे.